हौशी धावपटू फडेप्पा चौगुले

कोल्हापुरात कोणालाही ऑलिंपिकवीर कोण म्हणून विचारले, तर तो चटकन खाशाबा जाधव यांचे नाव घेतो. ते योग्यच आहे. 1952 साली हेलसिंकी येथे खाशाबांनी कुस्तीत ब्राँझपदक मिळवले आणि स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले पदक मिळाले. परंतु खाशाबांच्या त्या पदकाच्या 32 वर्षे आधी, आपल्या शेजारच्या बेळगावचा एक तरुण ऑलिंपिकच्या मॅरेथॉन शर्यतीत धावला होता. त्याचे नाव फडेप्पा दरेप्पा चौगुले. क्रीडेच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान आहे, पण आपल्या विद्यार्थ्यांत ते नाव फारसे घेतले जात नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

फडेप्पांचा जन्म 1902 सालचा, बेळगावचा. त्या काळी बेळगाव मुंबई इलाख्यात होते. नाव कानडी वळणाचे आणि आडनाव मराठी, असे आपल्या शिरोळ-हातकणंगले भागातही घरोघरी आढळते. चौगुला म्हणजे गावकामगार पाटलाचा मदतनीस. तेव्हा हे आडनाव मूळचे गावगाड्यातले, राजवाड्यातले नव्हे. फडेप्पांना धावण्याची उपजत देणगी होती. पण देणगी असली तरी ती कोणाच्या तरी दृष्टीस पडावी लागते. तसा योग पुण्यात आला.

पुण्याचा डेक्कन जिमखाना 1906 साली स्थापन झाला. सर दोराबजी टाटा हे त्याचे अध्यक्ष होते. 1919 च्या सुमारास तेथील शर्यती पाहताना दोराबजींच्या लक्षात आले की धावणारी बहुतेक मुले शेतकऱ्यांची आहेत. दिवसभर शेतात राबायचे, घरी असेल ती भाजीभाकरी खायची आणि शर्यतीच्या दिवशी धावायचे, एवढेच त्यांचे शिक्षण. युरोपातले नियम त्यांना ठाऊक नव्हते. पायात बूट नव्हते. अशी अनवाणी पोरे लांब पल्ल्याच्या शर्यतीत जी वेळ नोंदवत होती, ती परदेशी धावपटूंच्या तोडीची असल्याचे पाहून दोराबजी चकित झाले. या मुलांना ऑलिंपिकला पाठवायचे, असे त्यांनी मनावर घेतले.

येथे हौशी या शब्दाचा थोडा विचार केला पाहिजे. त्या काळी ऑलिंपिकमध्ये फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश असे. खेळावर ज्याने पैसा घेतला, तो बाद. हा नियम मूळ इंग्लंडातल्या सुखवस्तू लोकांनी केलेला. 1866 साली तेथल्या एका क्लबाने हौशीची जी व्याख्या केली, तीत कारागीर आणि मजूर यांना जागाच नव्हती! अंगमेहनतीवर पोट भरणारा माणूस हौशी असूच शकत नाही, असा त्याचा अर्थ. 1880 साली ही अट गेली, पण तिच्यामागची समजूत लगेच गेली नाही. हौस करायची तर घरी पैसा हवा आणि हाताशी रिकामा वेळ हवा. शेतात राबणाऱ्या मुलाजवळ यांपैकी काय होते? आणि तरीही पैशाची अपेक्षा न धरता धावणारा तोच खरा हौशी नव्हे काय?

हौशी असला तरी बोटीचे तिकीट कोणाला चुकत नाही. दोराबजींनी स्वतःचा पैसा घातला, मित्रांकडून मिळवला, सरकारनेही थोडा हातभार लावला. अशा रीतीने 1920 साली संघ तयार झाला. धावण्यासाठी चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे बॅनर्जी. कुस्तीसाठी नवले आणि शिंदे. हिंदुस्थानातून ऑलिंपिकला संघ जाण्याची ही पहिलीच वेळ. इंग्लंडात काही आठवडे सराव करून हे सहा जण बेल्जियममधील अँटवर्प शहरी दाखल झाले. पहिले महायुद्ध संपून जेमतेम दोन वर्षे झाली होती. पाच कड्यांचा ऑलिंपिक ध्वज त्या स्पर्धेत प्रथमच फडकला आणि खेळाडूंची शपथही तेथेच प्रथम घेतली गेली.

22 ऑगस्ट 1920 या दिवशी मॅरेथॉन झाली. हवा थंड, वर पाऊस. अंतर नेहमीच्या मॅरेथॉनपेक्षाही जास्त, म्हणजे 42 किलोमीटर 750 मीटर. इतकी लांब मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आधी झाली नव्हती आणि नंतरही झाली नाही. 48 धावपटू निघाले, त्यांपैकी 35 जणांनीच शर्यत पुरी केली. दातारांना मध्येच थांबावे लागले. फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन 2 तास 32 मिनिटांत पहिला आला. फडेप्पांनी 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत अंतर कापले आणि ते 19 वे आले. त्यांचे वय तेव्हा अवघे 18 वर्षांचे होते. आपल्यापैकी अनेक जण त्या वयात नुकते कॉलेजात पाऊल टाकतात.

कोलेमाइनेन आणि त्याचा देशबांधव पावो नुर्मी यांची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. नुर्मीने याच अँटवर्पला 10,000 मीटरची शर्यत जिंकली. थंड मुलखात हिवाळ्यात उघड्यावर शर्यती घेणे कठीण. म्हणून अमेरिकेत मोठमोठ्या सभागृहांत, छपराखाली, छोट्या वर्तुळाकार मार्गावर फेऱ्या मारून लांब पल्ल्याच्या शर्यती होत. या दोघांनीही तेथे नाव गाजवले. 1925 च्या हिवाळ्यातील नुर्मीच्या शर्यतींना न्यूयॉर्कमध्ये तुफान गर्दी झाली. पुढे धावण्यासाठी पैसे घेतल्याचा ठपका त्याच्यावर आला आणि 1932 साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये त्याला धावू दिले नाही. जगातल्या सर्वश्रेष्ठ धावपटूलाही हौशीपणाचा नियम असा नडला. फडेप्पांना हिवाळ्यात ना छप्पर होते, ना लाकडी मार्ग. आपल्याकडे हिवाळा म्हणजे शाळू राखणीचा आणि ऊसतोडीचा हंगाम. धावायचे ते बांधावरून आणि सडकेवरून.

फडेप्पा पदक घेऊन आले नाहीत. 1952 साली त्यांचे निधन झाले. योगायोग असा की त्याच वर्षी खाशाबांनी पदक जिंकले. त्यांच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर 7,000 रुपयांना गहाण टाकले होते. म्हणजे 32 वर्षांनीही प्रश्न तोच होता. अंगात ताकद आहे, मनात हौस आहे, पण तिकिटाचे पैसे कोण देणार? एकदा दोराबजी पुढे आले, एकदा प्राचार्य पुढे आले. ज्यांच्यासाठी कोणीच पुढे आले नाही, त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. फी भरायची तारीख आली की घरात काय हिशेब चालतो, तो मला तोंडपाठ आहे. म्हणून फडेप्पांच्या 19 व्या क्रमांकाकडे मी हार म्हणून पाहू शकत नाही. पुण्याच्या मैदानावरून अँटवर्पच्या रस्त्यावर उभे राहण्यातच त्यांनी केवढे अंतर कापले होते! 29 जण त्यांच्या मागे राहिले किंवा वाटेत थांबले, हेही विसरता कामा नये.

आणि तो क्रमांक लहानही नव्हता. ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये भारतीय धावपटूने त्याहून वरचा क्रमांक मिळवला तो 1976 साली, माँट्रियल येथे. तेव्हा शिवनाथ सिंग 11 वे आले. मधली 56 वर्षे बेळगावच्या फडेप्पांना कोणी मागे टाकू शकले नाही. आपल्या कॉलेजच्या क्रॉसकंट्री शर्यतीत पहिले तीन आले की टाळ्या थांबतात आणि मंडप रिकामा होतो. विद्यार्थी मित्रहो, यंदा थोडा वेळ थांबू या. 19 वा येईपर्यंत तरी.