भागाकारातल्या बाकीला मान मिळवून देणारा गाऊस, ज्याच्या गणितावर आज कॅलेंडरही चालतं आणि बँकेचा सर्व्हरही

मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये ‘दर बुधवारी सकाळी दहा वाजता मीटिंग’ असं एकदा टाकलं की पुढच्या कित्येक वर्षांचे बुधवार आपोआप सापडतात. बँकेची वेबसाइट उघडली की समोरचा सर्व्हर खरंच बँकेचा आहे का, हे ब्राउझर क्षणात तपासून घेतो.

वरवर पाहिलं तर या दोन कामांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, भागाकार केल्यावर शेवटी उरते ती बाकी.

शाळेत बाकी म्हणजे उरलंसुरलं. या उरल्यासुरल्याचं रीतसर शास्त्र केलं ते एका गरीब घरातल्या जर्मन मुलानं. त्याचं नाव कार्ल फ्रेडरिक गाऊस. १८५५ साली तो गेला तेव्हा कॉम्प्युटर जन्माला यायला अजून जवळपास शंभर वर्षं होती.

आईला जन्मतारीख आठवत नव्हती

गाऊसचा जन्म आजच्या जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरातला. वडील गवंडीकाम, बागकाम असं मिळेल ते काम करायचे. आई डोरोथिया हिला लिहिता येत नव्हतं. त्यामुळे मुलाची जन्मतारीख तिने कुठे लिहून ठेवली नाही. तिला एवढंच आठवत होतं की तो बुधवार होता आणि येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला आठ दिवस बाकी होते.

आता हा सण येतो ईस्टरनंतर ३९ दिवसांनी. आणि ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते.

आपल्याकडे गणपती जसे दरवर्षी वेगळ्या इंग्रजी तारखेला येतात, तसंच हे. कारण दोन्हीकडे हिशोब चंद्राचा आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. ही पौर्णिमा आकाशात बघून नाही, तर चर्चच्या कोष्टकांवरून ठरते. वसईत असो, गोव्यात असो की रोममध्ये, कॅथलिक चर्चचा ईस्टर याच नियमाने येतो. पण ही कोष्टकं किचकट होती, आणि ती वापरणं सामान्य माणसाचं काम नव्हतं.

१८०० साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, गाऊसने खगोलशास्त्राच्या एका नियतकालिकात एक पद्धत छापली. कोष्टकं बाजूला ठेवा, फक्त भागाकार करा आणि बाकी तेवढी लिहून ठेवा.

त्याच्या जन्माचं १७७७ हे साल घेऊन ती करून बघता येते. १७७७ ला १९ ने भागलं तर बाकी १०, ४ ने भागलं तर १ आणि ७ ने भागलं तर ६. भागाकार किती आला याच्याशी काही देणंघेणं नाही. १९ का, तर चंद्राच्या कला दर १९ वर्षांनी जवळपास त्याच तारखांना परत येतात. ४ लीप वर्षासाठी आणि ७ आठवड्यासाठी.

पुढची पायरी. १० गुणिले १९ म्हणजे १९०. त्यात अठराव्या शतकासाठी ठरलेला २३ हा आकडा मिळवला की २१३. त्याला ३० ने भागलं की बाकी ३. मग मघाच्या १ ची दुप्पट, ६ ची चौपट आणि या ३ ची सहापट घ्यायची, त्यात शतकाचा दुसरा आकडा ३ मिळवायचा. बेरीज ४७. ७ ने भागलं की बाकी ५.

आता २२ मार्चमध्ये ३ आणि ५ दिवस मिळवा. १७७७ सालचा ईस्टर आला ३० मार्चला. त्यानंतर ३९ दिवसांनी, ८ मेच्या गुरुवारी, स्वर्गारोहणाचा सण. आणि त्याच्या आठ दिवस आधीचा बुधवार म्हणजे ३० एप्रिल १७७७. आईच्या आठवणीला तारीख मिळाली.

कॉम्प्युटर नसतानाचा प्रोग्रॅम

या पद्धतीची गंमत अशी की ती वापरणाऱ्याला खगोलशास्त्र यायची गरज नाही. एकामागून एक पायऱ्या करत गेलं की उत्तर मिळतं. आज यालाच अल्गोरिदम म्हणतात. गाऊसचा हा हिशोब थोड्याफार फरकाने आजही प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना सरावासाठी दिला जातो.

आणि प्रोग्रॅम म्हटलं की चूक आलीच. गाऊसच्या मूळ पद्धतीतला एक लहानसा भागाकार चुकला होता. त्याचा परिणाम दिसणार होता थेट इसवी सन ४२०० पासून. पीटर पॉल टिटेल या त्याच्या विद्यार्थ्याने ती चूक दाखवून दिली. दोन हजारांहून जास्त वर्षांनी येणारी अडचण म्हणून गाऊसने ती सोडून दिली नाही. १८१६ साली त्याने दुरुस्ती छापली आणि विद्यार्थ्याचे आभारही मानले.

बाकीचं पुस्तक

हे सगळं करायला गाऊसला वेळ मिळाला, कारण त्याच्या मागे एक राजा उभा होता. मुलाची हुशारी शाळेतल्या शिक्षकांच्या लक्षात आली, तिथून ती ब्राउनश्वाइगच्या ड्यूकच्या कानावर गेली. ड्यूकने शिक्षणाचा खर्च उचलला. नाहीतर बापासोबत कामावर जाणं हीच त्या घराची रीत होती.

१८०१ साली गाऊसचं अंकगणितावरचं लॅटिन पुस्तक आलं, ‘डिस्क्विझिशनेस अरिथमेटिके’. ते लिहिताना तो विशीत होता. छपाईला मदत ड्यूकचीच, आणि पुस्तक अर्पणही त्यालाच.

या पुस्तकाची सुरुवातच बाकीने होते. घड्याळात दहा वाजलेत, पाच तासांनी किती वाजतील? पंधरा नाही, तीन. कारण १५ ला १२ ने भागलं की बाकी ३. म्हणजे १२ च्या घड्याळात १५ आणि ३ एकच. आज बुधवार असेल तर शंभर दिवसांनी कोणता वार? १०० ला ७ ने भागलं की बाकी २, म्हणून शुक्रवार.

फर्मा, ऑयलर अशा गणितज्ञांनी बाकीचे गुणधर्म आधीच वापरले होते. गाऊसने त्या सगळ्याला एक भाषा दिली. बाकी सारखी असलेल्या संख्यांसाठी त्याने तीन आडव्या रेघांचं चिन्ह वापरलं, आणि त्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार कसे करायचे याचे नियम नीट मांडले. ते चिन्ह आजही तसंच लिहितात.

याच पुस्तकात त्याने आणखी एका प्रश्नावर बोट ठेवलं. एखादी मोठी संख्या मूळ आहे की नाही हे कसं ओळखायचं, आणि मूळ नसेल तर तिचे अवयव कसे शोधायचे? गाऊसच्या मते अंकगणितातल्या सगळ्यात महत्त्वाच्या प्रश्नांपैकी हा एक होता. तेव्हाच्या पद्धती मोठ्या संख्यांपुढे दमून जायच्या.

टोपणनावामागची सोफी

हे पुस्तक समजणारे लोक युरोपात मोजकेच होते. त्यातल्या एकाची पत्रं गाऊसला १८०४ पासून पॅरिसहून येऊ लागली. सही असायची ‘मसिये ल ब्लाँ’. गणित उत्तम होतं. गाऊस उत्तरं देत राहिला.

१८०६ साली नेपोलियनचं सैन्य ब्राउनश्वाइगमध्ये शिरलं. ड्यूक लढाईत जखमी होऊन मेला. त्या धामधुमीत एक फ्रेंच अधिकारी गाऊसची विचारपूस करायला आला. जनरल पेर्नेटी यांनी त्याला पाठवलं होतं, आणि जनरलना विनंती केली होती सोफी जर्मेन नावाच्या बाईंनी. गाऊसने सांगितलं, या नावाच्या कुणाला आपण ओळखत नाही.

१८०७ साली सोफीने पत्र लिहून उलगडा केला. ल ब्लाँ म्हणजे तीच. बाईने लिहिलेलं गणित कुणी मनावर घेणार नाही, या भीतीने तिने पुरुषाचं नाव घेतलं होतं. रोमन सैनिकाने आर्किमिडीजला मारलं तसं गाऊसचं होऊ नये, म्हणून तिने जनरलकडे शब्द टाकला होता. गाऊसने उत्तरात मनापासून कौतुक केलं. समाजाच्या अडथळ्यांतून इथवर पोहोचायला केवढी हिंमत लागते, हे त्याने ओळखलं.

नाव झालं ते आकाशामुळे

बाकीच्या गणिताने गणितज्ञ थक्क झाले, पण गाऊस घराघरात पोहोचला तो सेरेसमुळे. १ जानेवारी १८०१ ला पियात्झी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला सेरेस दिसला आणि काही आठवड्यांत सूर्याच्या उजेडात हरवला. थोड्याशा नोंदींवरून गाऊसने त्याची कक्षा काढली. वर्षअखेरीस त्याने सांगितलेल्या जागेच्या जवळच सेरेस पुन्हा सापडला.

१८०७ साली तो ग्योटिंगेनच्या वेधशाळेचा संचालक झाला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. १८०९ साली पत्नी योहाना गेली. त्या दुःखातून तो पूर्ण सावरला नाही असं त्याचे चरित्रकार सांगतात. म्हातारपणी आई त्याच्याकडेच होती, ती १८३९ साली गेली. १८३३ साली विल्हेल्म वेबर यांच्यासोबत त्याने वेधशाळेपासून भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेपर्यंत तार टाकून विजेने निरोप पाठवले. २३ फेब्रुवारी १८५५ ला, ७७ व्या वर्षी, त्याचं निधन झालं.

मग सर्व्हर कुठून आला?

१९७७ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी एक पद्धत शोधली. तिघांच्या आडनावांवरून तिला आरएसए म्हणतात. अडचण अशी होती की दूरचा कॉम्प्युटर ‘मी अमुक आहे’ म्हणतो, पण त्यावर विश्वास कसा ठेवायचा? पासवर्ड विचारावा, तर तो सांगताना कुणीतरी ऐकणार.

आरएसएचं उत्तर एका छोट्या उदाहरणातून बघू. समजा बँकेच्या सर्व्हरने ३३ आणि ३ हे दोन आकडे जगजाहीर केले, आणि ७ हा आकडा स्वतःपाशी गुप्त ठेवला. ब्राउझर म्हणाला, ४ वर सही कर. सर्व्हरने ४ ला स्वतःने सात वेळा घेऊन गुणलं, १६३८४ आले. ३३ ने भागून बाकी १६, ती पाठवली. ब्राउझरने १६ तीन वेळा घेऊन गुणले, ४०९६ आले. ३३ ने भागून बाकी ४. मूळ आकडा परत मिळाला, म्हणजे सही गुप्त आकडा जाणणाऱ्याचीच. आणि तो गुप्त आकडा सर्व्हरने सांगितलासुद्धा नाही.

३३ म्हणजे ३ गुणिले ११ हे कुणीही ओळखेल, आणि त्यावरून ७ काढेल. म्हणून प्रत्यक्षात दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार घेतात, तो ६०० हून जास्त अंकांचा असतो. त्याचे अवयव शोधायची झटपट पद्धत नाही, यावरच सगळी सुरक्षा उभी आहे. गाऊसने १८०१ साली बोट ठेवलेला प्रश्न तो हाच.

आता अनेक सर्व्हर आरएसएऐवजी दुसऱ्या पद्धतींनी सही करतात, त्यातल्या बऱ्याच पद्धतींतही मूळ संख्येने भागून उरलेल्या बाकीचंच गणित असतं. सोफीचंही नाव इथे भेटतं. ज्या मूळ संख्येची दुप्पट करून एक मिळवला तरी मूळ संख्याच येते, उदाहरणार्थ ११ आणि २३, तिला सोफी जर्मेन मूळ संख्या म्हणतात. दोन कॉम्प्युटरना उघड्या वाटेवर गुप्त किल्ली ठरवायची असते, तेव्हा अशा जोड्या कामाला येतात.

१९९४ साली पीटर शोर यांनी दाखवून दिलं की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर बनला, तर तो असे अवयव वेगाने शोधू शकेल. तेव्हापासून जगभर नव्या कुलपांची तयारी सुरू आहे. ती बसली तरी कॅलेंडरमधला पुढचा बुधवार मात्र सातने भागून उरलेल्या बाकीवरूनच काढला जाईल.