थांबेल की चालूच राहील?

कमांड देऊन सुरू केलेला प्रोग्रॅम पडद्यावर काहीच उमटवीत नाही, तेव्हा तो कामात गढला आहे की अडकून पडला आहे, हे कळेनासे होते. प्रत्यक्ष संगणक येण्यापूर्वीच या प्रश्नाच्या मुळाशी जाणारे गणितज्ञ म्हणजे ॲलन ट्युरिंग.

२३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये जन्मलेल्या ट्युरिंग यांचे वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिकलेल्या ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये फितीवर चिन्हे वाचणारे आणि लिहिणारे एक काल्पनिक यंत्र मांडले. असे यंत्र चिन्हे उमटवीत राहील की मध्येच खुंटेल, हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी सर्वसामान्य रीत असूच शकत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. याच प्रश्नाचे पुढील रूप ‘हॉल्टिंग प्रॉब्लेम’ म्हणून ओळखले जाते.

दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे जर्मन ‘एनिग्मा’ संदेशांची उकल करण्यासाठी त्यांनी ‘बॉम्ब’ यंत्राची आखणी केली. संभाव्य जुळणी सापडताच ते थांबे; ती खरी की खोटी, हे मात्र पुढे तपासावे लागे.

१९५२ मध्ये समलैंगिक संबंधांबद्दल न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि तुरुंगाऐवजी हार्मोन उपचार त्यांच्या वाट्याला आले. ७ जून १९५४ रोजी, अवघ्या ४१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. राजमाफी मिळायला २०१३ साल उजाडले.

प्रोसेसर आणि डिस्कची हालचाल पाहून आजही अंदाज बांधता येतो. सर्वत्र लागू पडणारी खात्री मात्र कोणालाच देता येत नाही.