मोटारीला ‘सेल्फ’ देणारा अभियंता

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलवाटांवर पेट्रोलच्या जुन्या जीपगाड्या धावत, तेव्हा पावसाळ्यातील त्यांची एक खोड चालकांच्या चांगलीच परिचयाची होती. सकाळी पहिल्या झटक्यात सुरू झालेली गाडी दुपारी नाल्याकाठी अडून बसे आणि काही वेळाने, जणू काही घडलेच नाही अशी, पुन्हा चालू होई. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरली की ठिणगीची वीज भलत्याच वाटेने निघून जाते. ओल सुकताच दोषही नाहीसा होतो. काजळलेले पॉइंट, दुबळा कंडेन्सर, बॅटरीच्या टोकांवर चढलेला थर हेही तपासावे लागत. सेल्फने दाद दिली नाही, तर बंपरमधून हँडल घालून इंजिन फिरवण्यावाचून गत्यंतर नसे. बॅटरी-कॉइलची ही प्रज्वलनव्यवस्था आणि विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर मोटारीत रुजवण्याचे श्रेय चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याचे.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यातील लाउडनव्हिलजवळ शेतकरी कुटुंबात झाला. अधू दृष्टीमुळे शिक्षणात खंड पडला, तेव्हा टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या तुकडीत त्यांनी काम केले. १९०४ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवून ते डेटनच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत दाखल झाले. तेथे दुकानातील गल्ल्याचे यंत्र त्यांनी विजेवर चालवून दाखवले. १९०९ मध्ये एडवर्ड डीड्स यांच्यासह त्यांनी ‘डेल्को’ची स्थापना केली आणि कॅडिलॅक मोटारीसाठी नवी प्रज्वलनव्यवस्था तयार केली.

त्या काळी हँडल मारताना इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. विजेची मोटर वापरावी, तर ती अवाढव्य असावी लागेल, असा जाणकारांचा समज होता. गल्ल्याच्या यंत्राने केटरिंग यांना वेगळेच शिकवले होते. जोर काही क्षणच लावायचा असेल, तर लहान मोटरही पुरते. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये हा स्टार्टर बसला आणि मोटार चालवण्यासाठी अंगात ताकद असण्याची अट संपली.

पुढे इंजिनात ठोके पडू लागले, तेव्हा दोष त्यांच्याच प्रज्वलनव्यवस्थेवर आला. केटरिंग यांनी शोध घेतला, तेव्हा मूळ दोष इंधनात निघाला. त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये त्यावर शिशाच्या संयुगाचा उतारा सापडला. ठोके थांबले, पण १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात शिशाच्या विषबाधेने कामगार दगावले. डॉक्टरांनी धोक्याचे इशारे दिले, तरी केटरिंग यांनी शिसेयुक्त पेट्रोलचा पुरस्कार सोडला नाही. दोषाच्या मुळाशी जाणाऱ्या या माणसाने स्वतःच्या उपायातील दोषाकडे मात्र पाठ फिरवली. भारतात हे पेट्रोल २००० मध्ये बंद झाले; जगातून ते हद्दपार व्हायला २०२१ उजाडले.

केटरिंग १९४७ पर्यंत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या कर्करोग संशोधन संस्थेला आल्फ्रेड स्लोन यांच्यासोबत त्यांचे नाव लाभले. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाने पॉइंट आणि कंडेन्सर इतिहासजमा केले. तरी किल्ली फिरवल्यावर किंवा बटण दाबल्यावर मोटारीचे इंजिन आजही विजेची छोटी मोटरच फिरवते.