डॉ. कमल रणदिवे आणि परळचे उंदीर

पहाटेच्या फ्लाइंग राणीने आपल्यातले कोणी रिपोर्टांची जाड फाइल आणि डब्याची पिशवी घेऊन मुंबईला निघाले, की ‘कुठे?’ असे आपण विचारत नाही. परळचे टाटा रुग्णालय सुरतेतल्या जुन्या मराठी घरांना परके राहिलेले नाही. पण तिथेच कर्करोगाच्या संशोधनात ज्या बाईंनी आयुष्य वेचले, त्यांचे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. २०२१ साली त्यांच्या जन्मदिनी गूगलच्या पानावर त्यांचे चित्र झळकले आणि घरातली मुले आम्हाला विचारू लागली, या कोण? यंदाच्या अंकासाठी आम्ही डॉ. कमल रणदिवे यांना निवडले ते म्हणूनच.

माहेरच्या त्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. हुजूरपागेत शाळा, मग फर्ग्युसन. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरांच्याच घरी पडावे, अशी वडिलांची इच्छा. कमलताईंनी यातले काहीच केले नाही! १९३९ साली त्यांनी गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी लग्न केले आणि १९४३ साली एम.एस्सी. केली, तीही सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींवर.

लग्नानंतर बिऱ्हाड मुंबईत आले. टाटा रुग्णालयात डॉ. व. रा. खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी काम सुरू केले आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. विषय स्तनाच्या कर्करोगाचा, आणि अभ्यासाला उंदीर.

आता उंदीर का, ते सांगायला हवे. उंदरांच्या काही वंशांत माद्यांना हा रोग हमखास होतो, काहींत क्वचित. रोगट वंशाची पिल्ले जन्मतःच निरोगी आईच्या दुधावर वाढवली, तर पुष्कळशी वाचतात, असे अमेरिकेत बिटनर यांनी १९३६ साली दाखवले होते. म्हणजे दुधातून काहीतरी जात होते. तो विषाणू निघाला. आनुवंशिकता, शरीरातले संप्रेरक आणि हा विषाणू यांची सांगड कशी बसते, हा कमलताईंचा प्रश्न. पुढे परळलाच स्तनाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात होणारा उंदरांचा स्वतंत्र वंश वाढवला गेला.

आपल्या घरांत या रोगाविषयी अजून कुजबुजत बोलतात. गाठ पदराआड लपवणाऱ्या आज्या आम्ही पाहिल्या आहेत, आणि आईकडूनच आले असणार असा ठपका ठेवणारे नातलगही. म्हणून स्पष्ट लिहितो. दुधातली ही गोष्ट उंदरांची. माणसात आईच्या दुधाने कर्करोग होत नाही, उलट अंगावर पाजणाऱ्या आईचा धोका काहीसा कमीच होतो. उंदरांतल्यासारखा विषाणू माणसात निर्विवाद सिद्ध झालेला नाही. तरी कमलताईंची मेहनत वाया गेली असे आम्हाला वाटत नाही. एका रोगाला अनेक कारणे मिळून लागतात, हे त्या उंदरांनी दाखवले.

पीएच.डी.नंतर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवून वाढवायच्या, ही ती विद्या. हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या, आजही जगभर वाढवल्या जाणाऱ्या पेशी १९५१ साली गाय यांच्याच प्रयोगशाळेत प्रथम वाढल्या. कमलताई तिथे थांबल्या नाहीत. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात परतून त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ती देशातली पहिली मानतात.

त्याच विद्येचा उपयोग कुष्ठरोगाला झाला. रुग्णाच्या ऊतीतून मिळालेला एक जंतू बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी प्रयोगशाळेत वाढवला आणि १९५८ साली ते काम प्रसिद्ध केले. खरा कुष्ठजंतू काचेत वाढत नाही, हा त्याच्या गोतातला. ज्या रुग्णांचे शरीर कुष्ठजंतूला ओळखूनही प्रतिकार करत नाही, त्यांची प्रतिकारशक्ती या जंतूने जागी करता येईल का, या विचारातून पुढे डॉ. एम. जी. देव यांनी लस तयार केली. दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले.

१९६६ ते १९७० या काळात केंद्राचे संचालकपद त्यांनी सांभाळले. १९८२ साली पद्मभूषण मिळाले. त्याआधीच, १९७३ साली, सहकारी स्त्रियांना घेऊन त्यांनी भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना स्थापन केली होती. घर आणि मूल सांभाळताना प्रयोगशाळा सुटते, हे त्या पाहत होत्या. वाशीला संघटनेचे नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आहे, पाळणाघर आहे. आम्हाला हे काम पद्मभूषणाइतकेच मोलाचे वाटते.

उतारवयात त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात जाऊ लागल्या. आदिवासी मुलांच्या आहाराची आणि रक्ताची पाहणी, बायकांना आरोग्याचे शिक्षण, अशी ती कामे. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.