नाडीचा ताल आणि सर्पगंधेचे मूळ : डॉ. रुस्तम जाल वकील

रुग्णाच्या मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी पाहायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या पिशवीत बहुधा ‘वकील-गोलवाला’ असायचे. पुस्तकाचे खरे नाव ‘फिजिकल डायग्नोसिस’, पण ते नाव कोण घेतो! गोलवाला म्हणजे डॉ. अस्पी गोलवाला आणि वकील म्हणजे डॉ. रुस्तम जाल वकील. नाडी नियमित आहे का, नसेल तर ठोका मधूनच एखादा चुकतो की ठोक्यांना कसलाच ताळमेळ नाही, हे ओळखायला डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या या जोडनावाच्या आधाराने शिकल्या.

वकील यांचा जन्म 17 जुलै 1911 रोजी मुंबईत, पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण लंडनला घेऊन ते परतले आणि परळच्या केईएम रुग्णालयात काम करू लागले. त्या काळी रक्तदाब मोजता येत होता, उतरवता मात्र येत नव्हता. मीठ तोडा, पडून राहा, झोपेचे औषध घ्या, एवढेच सांगण्यासारखे होते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढत होता. डॉक्टरांना तो दिसतही होता. 1945 मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले. महासत्तेच्या प्रमुखाची ही गत, तर गिरणगावातल्या कामगाराचे काय असेल?

सर्पगंधा आपल्या वैद्यांना जुनीच माहीत. वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठी तिचे मूळ दिले जाई. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्येच लिहून ठेवले होते की तिने रक्तदाबही उतरतो. त्यामुळे शोधाचे सारे श्रेय वकील यांना देणे बरोबर नाही. पण परंपरा आहे म्हणून विश्वास ठेवायचा किंवा झाडपाला आहे म्हणून हसायचे, हे दोन्ही त्यांनी टाळले. रुग्णांना औषध देऊन ते वर्षानुवर्षे नोंदी ठेवत गेले. निवडक 50 रुग्णांचे आकडे 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आले. चार आठवड्यांत बहुतेकांचा वरचा आणि खालचा, दोन्ही रक्तदाब उतरले होते.

तो लेख वाचून बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून गोळ्या मागवल्या आणि आपल्या रुग्णांवर अनुभव घेतला. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मुळातून रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि रक्तदाबावरचे औषध जगभर पोहोचले. 1957 मध्ये वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पद्मभूषण. रेसर्पिनची दुसरी बाजूही हळूहळू पुढे आली. जास्त मात्रेत काही रुग्णांना खोल उदासी येई. नवी, सोपी औषधे आल्यावर ते मागे पडले. 20 नोव्हेंबर 1974 रोजी वकील यांचे निधन झाले, तोवर चढलेला रक्तदाब उतरवता येतो ही गोष्ट नेहमीची होऊन गेली होती.

याच मुळात हृदयाच्या तालावर काम करणारे अजमलिनही आहे. सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी 1931 मध्ये ते वेगळे करून हकीम अजमल खान यांचे नाव त्याला दिले. पण रक्तदाब आणि बिघडलेला ताल यांचे नाते एका मुळापुरते नाही. वर्षानुवर्षे जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि एके दिवशी नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात. हेच एट्रियल फिब्रिलेशन. थरथरत्या कप्प्यात रक्त साचते, गाठ होते, ती मेंदूत गेली की लकवा. हा धोका साधारण पाचपट वाढतो.

आपल्याकडे असे रुग्ण किती? गुजरातच्या आणंद जिल्ह्यातल्या खेड्यांत पन्नाशी ओलांडलेल्यांची तपासणी झाली, तेव्हा प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास निघाले. पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वाटेल, पण त्यावर समाधान मानू नये. देशातल्या 24 केंद्रांवरच्या 1,537 रुग्णांच्या नोंदीत सरासरी वय 55 च्या आत होते आणि जवळपास निम्म्यांना लहानपणच्या संधिज्वराने खराब झालेल्या झडपांचा आजार होता. म्हणजे आपला रुग्ण कर्ता, घर चालवणारा आहे. पुढची भर रक्तदाब घालणार. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशातल्या 35 टक्क्यांहून अधिक प्रौढांचा रक्तदाब जास्त आढळला.

चिखली तालुक्यातल्या अमडापूरच्या शेतकऱ्याला छातीत धडधडले तर तो उन्हाला किंवा जागरणाला दोष देतो. अनेकांना तर काहीच जाणवत नाही, आणि पहिली खूण म्हणजे वाकडे झालेले तोंड. पन्नाशीनंतर रक्तदाब मोजताना नाडीही पूर्ण एक मिनिट मोजून घ्यावी. ताल बिघडलेला असेल तर आपोआप मोजणारे यंत्र रक्तदाबाचा आकडाही चुकवू शकते. मधूनच एखादा ठोका चुकणे बहुधा निरुपद्रवी असते. ठोक्यांना ताळमेळच नसेल, तर मात्र त्याच आठवड्यात ईसीजी काढावा. तोंड वाकडे झाले, हातापायातली शक्ती गेली किंवा बोलणे अडखळू लागले, तर एक तासही न दवडता रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी गोळी द्यायची की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे. शेजाऱ्याची ॲस्पिरिन त्या जागी चालत नाही.