दहा मॅच, दोन गोल

हॉस्टेलच्या रूमवर एनएचएलचा गेम खेळत असाल, तर हा वाद तुम्हाला नवा नाही. आडवा पास टाकायचा, आल्या आल्या फटका हाणायचा, की गोल. पुन्हा तेच, पुन्हा गोल. मग कुणीतरी वैतागतं की गोलकीपर खरा वाटतच नाही. सेटिंगमध्ये जाऊन त्याला कडक करावं, तर पठ्ठ्या काहीच सोडत नाही, आणि तेही खोटं वाटतं. ती बर्फावरची हॉकी. तिथल्या खऱ्या लीगमध्ये गोलकीपर शंभरातले साधारण नव्वद फटके अडवतो.

आता आपल्या मैदानी हॉकीतला हिशोब बघा. तीन ऑलिम्पिक, दहा सामने, खाल्लेले गोल फक्त दोन. गेममध्ये असं झालं असतं तर तुम्ही बग म्हणून तो डिलीटच केला असता.

हा गोलकीपर म्हणजे रिचर्ड ॲलन. जन्म 4 जून 1902, नागपूरचा. म्हणजे आपल्याच राज्यातला. तरी ध्यानचंद सगळ्यांना पाठ आणि ॲलन जवळपास कुणालाच माहीत नाही. अँग्लो-इंडियन घरातला हा मुलगा शिकला मसुरी-नैनितालला, आणि नाव कमावलं कलकत्त्याच्या हॉकीत.

1928 साली भारत पहिल्यांदा ऑलिम्पिक हॉकीत उतरला, ॲमस्टरडॅमला. पाच सामन्यांत आपण 29 गोल केले, त्यातले 14 एकट्या ध्यानचंदचे. आणि झाले किती? शून्य. एकही नाही.

तुम्ही म्हणाल, समोरचे कच्चे असतील, बॉल याच्यापर्यंत येतच नसेल. थोडं खरंय ते. पण हॉकीचा गोल बारा फूट रुंद आणि सात फूट उंच असतो. वाडिया पार्कवर कधी पावलं टाकून मोजा आणि मध्ये उभे राहा. त्या काळी पायाला पॅड असायचे, डोक्याला हेल्मेट नाही. मैदान गवताचं, बॉल कधी उसळेल याचा नेम नाही. शिवाय अर्धा तास नुसतं उभं राहून एकतिसाव्या मिनिटाला जागं असणं, हे कुठल्याच गेममध्ये नीट दाखवत नाहीत.

1932च्या लॉस एंजेलिसमध्ये नेमकं तेच अंगाशी आलं. अमेरिकेला आपण 24-1 असं धुतलं. रूपसिंगचे दहा, ध्यानचंदचे आठ. तो एक गोल झाला तेव्हा ॲलन म्हणे गोलमागे चाहत्यांना सह्या देत होता! ही गोष्ट हॉकीवाले आजही हसत सांगतात.

1936च्या बर्लिनमध्ये मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. स्पर्धेआधीच्या सराव सामन्यात जर्मनीने आपल्याला 4-1 हरवलं होतं, आणि फायनलला समोर तेच. पावसामुळे मॅच एक दिवस पुढे गेली, 15 ऑगस्टला झाली. हाफटाइमला स्कोअर फक्त 1-0. एक चूक झाली असती तरी बरोबरी होती. ॲलनने फळी धरून ठेवली, नंतर पुढच्यांनी आणखी सात मारले. 8-1. भारताने त्या अख्ख्या स्पर्धेत खाल्लेला हा एकच गोल.

तिसरं सुवर्ण घेऊन ॲलन परतला. 1969 साली तो गेला.