आडनावाची झाली खूण : लक्ष्मणराव किर्लोस्कर

नवा धंदा काढायचा म्हटले की आपण प्रथम त्याला नाव शोधू लागतो. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र वाचू लागलो, तेव्हा मला निराळाच क्रम दिसला. त्यांच्यापाशी होते ते केवळ आडनाव. त्या आडनावाची बाजारात खूण व्हायला एक उभे आयुष्य खर्ची पडले.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. शाळेच्या पुस्तकांपेक्षा त्यांचा ओढा चित्रकलेकडे व यंत्रांकडे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते दाखल झाले. परंतु काही रंग त्यांच्या डोळ्यांना ओळखता येत नाहीत असे आढळले आणि चित्रकार होण्याचे स्वप्न तिथेच संपले. त्यांनी यांत्रिक रेखांकन हाती घेतले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. १८८८ मध्ये थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह त्यांनी बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, रामुअण्णा त्या विकीत आणि चालवायलाही शिकवीत. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आले.

कडबा कापण्याच्या यंत्रानंतर त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. खरी परीक्षा येथे होती. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली! ही समजूत मला हास्यास्पद वाटत नाही. ज्याचे सर्वस्व त्या काळ्या आईवर अवलंबून, त्याने अनोळखी माणसाच्या शब्दावर तिच्यात लोखंड का घालावे? नांगराने आपली बाजू शेतातच मांडायची होती आणि त्याला वेळ लागला. दोन वर्षे माल पडून असताना धीर न सोडणे, हेच मला त्यांचे मोठेपण वाटते.

धंद्याला बरे दिवस येत असताना बेळगावच्या नगरपालिकेला शहरवाढीसाठी कारखान्याची जागा हवी झाली. त्या अडचणीत औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ माळरान व दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० मध्ये निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या ३२ एकरांवर किर्लोस्करवाडी वसली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी तेथील रखवाली सोपविली. जो स्वतः दुसऱ्याच्या विश्वासावर उभा राहिला, त्याने विश्वास पुढे वाटला.

पुढे नांगराचा खप वाढला. १९२० मध्ये त्यांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले. मालाची माहिती देण्यासाठी निघालेल्या त्या पत्रातून ‘किर्लोस्कर’ हे मराठीतील नामांकित मासिक घडले. कालांतराने रेल्वे स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी झाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले, तेव्हा हे आडनाव नांगर, पंप व इंजिनांवरून घरोघर पोहोचले होते.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात हळद मोठ्या प्रमाणात पिकते आणि बहुतेक पोत्यांनीच बाजारात जाते. घरची हळद दळून, आपले नाव छापलेल्या पिशवीतून विकावी, असे काही विद्यार्थीमित्रांच्या मनात आहे. पिशवीचा रंग, चित्र, नाव यांवर चर्चा रंगते. ती अवश्य व्हावी. चांगले वेष्टन गिऱ्हाइकाला एकदा थांबविते. पण दुसऱ्यांदा त्याला आणणार ती आतली हळद. तिच्यात भेसळ नसावी, वजन पुरते असावे आणि पहिली पिशवी खपेपर्यंत दम धरण्याची तयारी असावी. मित्रहो, नाव छापायला एक दिवस पुरतो. त्या नावावर लोकांचा भरवसा बसेपर्यंत किती दिवस लागतील, हे मात्र गिऱ्हाईकच ठरविते.